सासरच्या होम पेजवर मी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबावं लागणार नाही. घोटाळे माझ्या हातून पुष्कळ झालेत. पण स्वतःचं ठरलेलं लग्न स्वतःच्या हाताने, खरं तर एका बोटाने, मोडायच्या बेताला आणायचा जो पराक्रम मी भुईगावात केला, तो मी अजून कुणाला नीट सांगितलेला नाही. बायको सांगते, सासरे सांगतात, पण ते त्यांच्या बाजूने. आज माझ्या बाजूने ऐका.

तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. आधी तो डबा किंचाळायचा, मग करकरायचा, मग बऱ्याच वेळाने पडद्यावर वरून खाली एकेक पट्टी उमटत चित्र दिसायचं. आणि तेवढा वेळ घरातला फोन बंद. कुणी मेलं तरी कळायचं नाही.

आम्ही उमेळ्याचे. आमच्या वाडीच्या जागी बिल्डिंग झाली आणि जिथे आजोबांची केळी होती त्याच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही राहायला लागलो. मी अंधेरीला एका कंपनीत नोकरीला. काम काय, तर गोडाऊनमध्ये आलेल्या-गेलेल्या मालाचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे. आता मला सांगा, कॉम्प्युटरमध्ये आकडे भरणारा माणूस 'कॉम्प्युटरमध्ये' असतो का? पण माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली तेव्हा आमच्या आईने सगळीकडे तेच सांगितलं, "आमचा नेल्सन कॉम्प्युटरमध्ये आहे." मी काही तिला दुरुस्त करायला गेलो नाही. तुम्ही गेला असता? त्या काळात हे वाक्य उच्चारलं की समोरचा माणूस आपल्याला चांगली खुर्ची द्यायचा.

तर अशी चांगली खुर्ची मला भुईगावात पास्कूकाकांकडे मिळाली. त्यांची मुलगी सरिता. आमच्या एका मावशीने जुळवून दिलं, बघणं झालं, साखरपुडाही झाला. मला सरिता मनापासून आवडली होती, हे इथेच सांगून टाकतो. शाळेत शिकवायची, मोजकं बोलायची, आणि हसू दाबायचं असलं की खिडकीबाहेर बघायची. मी गेलो की ती खिडकीबाहेर फार बघायची. मला वाटायचं, लाजते.

पास्कूकाका म्हणजे जुने वाडीवाले. केळी, पानवेल, कडेने थोडी फुलं. घरात आपल्या बोलीत बोलायचे आणि माझ्याशी शाळेतल्या मराठीत. पहिल्या भेटीपासून मला 'तू' म्हणाले, त्यामुळे मी लगेच घरचा झालो.

त्यांचा मुलगा जोएल कुवेतला. तो सुटीवर आला तेव्हा घरात कॉम्प्युटर बसवून गेला. पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्यावर काकींनी स्वतः विणलेलं पांढरं झाकण. जोएलला नुकतंच पहिलं मूल झालं होतं. तो रोज मेलवर बाळाचे फोटो पाठवायचा आणि आजोबा-आजी रोज ते बघायला बसायचे.

अडचण एकच होती. इंटरनेट उघडलं की आधी कुठल्या तरी कंपनीचं इंग्रजी पान यायचं. त्यात गाड्या पळायच्या, बक्षिसं लागायची, खिडक्यांतून खिडक्या उघडायच्या. त्यातून वाट काढत जोएलच्या मेलपर्यंत जाताना काका दर वेळी भलतीकडे पोचायचे. एकदा तर म्हणे ते बराच वेळ क्रिकेटचा जुना स्कोर बघत बसले, बाळाची काहीतरी माहिती असेल म्हणून.

साखरपुड्यानंतरच्या रविवारी मला जेवायला बोलावलं होतं. वडे आणि कोंबडीचा रस्सा. ताट यायच्या आधी काका म्हणाले, "नेल्सन, तू कॉम्प्युटरमधला माणूस. हे असं कर की उघडलं की सरळ जोएल दिसला पाहिजे. मधलं काही नको."

आता खरं सांगायचं तर त्याच वेळी म्हणायला हवं होतं की काका, मला येत नाही. पण दारात सरिता उभी होती आणि मी चांगल्या खुर्चीत बसलो होतो. शिवाय मला थोडं माहीत होतं. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करायला एक माणूस यायचा, तो होम पेज बदलत असताना मी त्याच्या पाठीमागे उभा राहून बघितलं होतं. वर टूल्समध्ये जायचं, ऑप्शन्स उघडायचं, तिथे 'यूज करंट' असं बटण असतं. जे पान समोर उघडं असेल तेच त्या बटणाने कायमचं पहिलं पान होतं. सोपं आहे. मी म्हटलं, "एवढंच ना काका? दोन मिनिटं."

काका वाडीत पंप बंद करायला गेले, काकी आणि सरिता आत गेल्या, आणि मी डबा किंचाळवला. जोएलच्या मेलचं पान उघडलं. इथपर्यंत मी निर्दोष आहे.

पण इथे आमची ग्लोरिया येते. ग्लोरिया माझी थोरली बहीण. तिने वर्षभरापूर्वी तिच्या ऑफिसातून मला न विचारता एका लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटवर माझी जाहिरात टाकली होती. फोटो किल्ल्यातला, डोळ्यांवर गॉगल, मागे मित्राची मोटरसायकल, तिच्यावर मी असा कोपर टेकवून उभा की जसा काही तिचा हप्ता मीच भरतो. वर मोठ्या अक्षरात 'वधू पाहिजे', आणि खाली ग्लोरियाच्या कल्पनेतला मी: हसतमुख, निर्व्यसनी, संगीताची आवड, घरकामात मदत करणारा. त्याच सकाळी ती मला म्हणाली होती, "अरे, ती जाहिरात अजून तशीच आहे. काढून टाक, बरं दिसत नाही."

समोर इंटरनेट चालू, खोलीत कुणी नाही. म्हटलं, आपलं हेही काम उरकून घेऊ. दुसरी खिडकी उघडली आणि जाहिरात काढली. म्हणजे शोधून काढली. पुसून काढायला पासवर्ड लागत होता आणि तो ग्लोरियाकडे. मी आठवून आठवून काहीबाही टाकत होतो, तेवढ्यात पडवीत काकांच्या चपला वाजल्या.

माझी जी तारांबळ उडाली ती विचारू नका. होणाऱ्या सासऱ्याच्या घरात, पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली, 'वधू पाहिजे' उघडून बसलेला जावई! मी घाईघाईत टूल्स उघडलं, ऑप्शन्स उघडलं, यूज करंट दाबलं, ओके दाबलं, आणि दिसेल ती खिडकी बंद करत सुटलो.

काका आत आले आणि म्हणाले, "झालं?"

मी कपाळ पुसत म्हटलं, "झालं काका."

"मग दाखव उघडून."

तेवढ्यात काकींनी आतून हाक दिली की लाइन सोडा, जोएलचा रविवारचा फोन यायची वेळ झाली. लाइन सोडली. फोन आला, सगळे फोनवर बाळाचं रडणं ऐकायला धावले, मग ताटं मांडली गेली, आणि उघडून बघायचं राहून गेलं. जेवताना काकांनी मला स्वतःच्या हाताने आणखी एक वडा वाढला. मी तो खाल्ला. तो वडा आजही मला आठवतो.

तुमच्या लक्षात आलंच असेल. मी जेव्हा ते बटण दाबलं तेव्हा समोर जोएलच्या मेलची खिडकी नव्हती. समोर मी होतो. गॉगल लावून.

पुढचं मला सरिताने सांगितलं, पण इतक्या थंड आवाजात की ऐकताना ऑफिसातल्या फोनचा रिसीव्हर गार पडला. झालं असं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी आजूबाजूची चार घरं बोलावली. म्हणाले, आमच्या जावयाने असं करून दिलंय की उघडलं की थेट नातू. खुर्च्या मांडल्या, काकींनी झाकण काढलं, काकांनी बटण दाबलं. पट्टी पट्टी करत चित्र खाली उतरायला लागलं. आधी केस दिसले. सगळ्या बायका म्हणाल्या, केस किती आलेत बाळाला. मग गॉगल आला. मग मोटरसायकल आली.

काकांची म्हातारी आत्या पुढच्याच खुर्चीत होती. तिला लांबचं दिसत नाही. ती म्हणाली, "बाळाने बापाचं तोंड काही घेतलं नाही."

बाकीच्यांना मात्र दिसत होतं, आणि वाचताही येत होतं.

"नेल्सन," सरिताने फोनवर विचारलं, "तुला अजून मुलगी हवी आहे का?"

मी म्हटलं, असं काय विचारतेस, ती जुनी जाहिरात आहे, ग्लोरियाने टाकलेली, आजच्या आज काढतो. ती म्हणाली, "जुनी आहे तर आमच्या घरी आत्ता कशी आली?"  आठवा, मला अजून पत्ता नव्हता की हे मीच केलंय. मला वाटलं, मी पासवर्ड टाकत असताना त्या वेबसाइटवाल्यांना घराचा वास लागला आणि आता ते माझी जाहिरात तिकडे पाठवतायत. हसू नका. तेव्हा इंटरनेटबद्दल माणूस काहीही मानायला तयार असायचा.

मी ग्लोरियाच्या मागे लागलो. तिने ऑफिसातून जाहिरात पुसली. मी आमच्या ऑफिसातून उघडून बघितली तर खरंच नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. मी भुईगावला फोन लावून मोठ्या रुबाबात सांगितलं, "काका, काढून टाकली. आता जगात कुठेही दिसणार नाही."

 मग काका म्हणाले, "माझ्यासमोर दिसतेय."

याचं कारण मला नंतर कळलं. कॉम्प्युटर एकदा बघितलेलं पान स्वतःजवळ जपून ठेवतो. काका फोनची लाइन जोडायच्या आधीच इंटरनेट उघडायचे, की तो आपल्याजवळ जपलेल्या मला काढून समोर धरायचा. म्हणजे बघा, अख्ख्या जगातून मी निघून गेलो होतो. उरलो होतो तो फक्त सासऱ्याच्या घरी.

तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं म्हणून मी तोंडाला आला तो शब्द वापरला. तेव्हा सगळे वापरायचे. म्हटलं, "काका, व्हायरस असणार."

वाडीवाल्या माणसाला हा शब्द सांगू नये. केळीवर व्हायरस येतो, पानांचा गुच्छ होतो, झाड उपटून जाळावं लागतं. काकांना तो रोग माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. त्यांनी कॉम्प्युटरची वायर काढली, टेबल भिंतीपासून पुढे ओढलं, फोन उचलून दुसऱ्या खोलीत नेला की त्याला लागू नये. आणि मग मला फोन केला.

"हा रोग हवेतून येत नाही," काका म्हणाले. "रोपातून येतो. रोप ज्याने आणलं त्याच्याकडून येतो. आमच्या कॉम्प्युटरला घरातल्यांशिवाय फक्त तुम्ही हात लावलाय."

रोपाचं मला फारसं कळलं नाही. पण ते मला 'तुम्ही' म्हणाले. पहिल्यांदाच. 

आणि हे सगळं कधी, तर लगेच येणाऱ्या रविवारी आमची पहिली घोषणा होती. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये मिस्सा संपताना फादर वेदीवरून नावं वाचतात, अमक्याचा मुलगा आणि तमक्याची मुलगी यांचा विवाह ठरला आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावी. हरकत कोण घेतो? आजवर मी कुणी घेतलेली ऐकली नव्हती. शुक्रवारी सरिताचा फोन आला की पप्पांनी घेतली. स्वतः मुलीच्या बापाने. फादरांना जाऊन सांगून आले की या रविवारी नाव वाचू नका, मुलगा अजून मुली बघतोय. फादरांनी सांगितलं, शनिवारी मी घरी येतो, मुलालाही बोलवा, काय ते समोरासमोर होऊ दे.

"तू येशील ना?" सरिताने विचारलं. या वेळी आवाज थंड नव्हता. रडवेला होता, आणि ते मला जास्त लागलं. आपल्याला ही मुलगी आता मिळत नाही, तेही एका गॉगलपायी, या विचाराने मला जेवण जाईना. आईने विचारलं तर म्हटलं, ऑफिसात काम फार आहे.

शनिवारी अर्धा दिवस टाकून मी एसटीने भुईगावला गेलो. पडवीत फादर बसले होते, चांगल्या खुर्चीत. मला स्टूल मिळालं.

काकांनी आपली बाजू मांडली. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच जड गेलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पेपरात एकदा जाहिरात दिली की एकदा येते. रोज यायला रोज द्यावी लागते. ही रोज येते. सकाळी उघडलं तरी येते, संध्याकाळी उघडलं तरी येते. म्हणजे हा मुलगा रोज सकाळ-संध्याकाळ नवी जाहिरात देतो. साखरपुडा झाल्यावर देतो. आणि ती आपल्या घरी येते तशी कुवेतलाही जात असेल, जगभर लोकांचं इंटरनेट उघडत असेल ते याच्याच तोंडावर.

फादर म्हणाले, बघू तरी. काकांनी वायर जोडली, काकींनी झाकण काढलं. आणि मी आलो. तो फोटो माझ्या सासऱ्यांनी, सासूने, होणाऱ्या बायकोने आणि धर्मगुरूने एकत्र बघितला. खाली 'घरकामात मदत करणारा' हेही फादरांनी मोठ्याने वाचलं.

मी म्हटलं, फादर, शपथेवर सांगतो, ही पुसलेली आहे. फादर म्हणाले, "मग ही कुठून आली? तुम्ही कॉम्प्युटरमधले आहात, तुम्हीच शोधून सांगा."

मी बसलो. टूल्स उघडलं, ऑप्शन्स उघडलं. निदान काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून. तिथे होम पेजच्या चौकटीत एक लांबलचक पत्ता होता. जोएलच्या मेलचा नव्हता. लग्नाच्या वेबसाइटचा होता, आणि शेवटी माझं नाव होतं. त्याखाली ते बटण, यूज करंट.

तेव्हा मला सगळं दिसलं. पंप, चपला, घाई, वडा.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. व्हायरसचं ताणून धरलं तर मी लबाड ठरत होतो, पण कॉम्प्युटरमधला लबाड. खरं सांगितलं तर मी सज्जन ठरत होतो, पण मग मला काही येत नाही हे उघड होणार. आणि घरात आलेली चांगली खुर्ची त्याच एका वाक्यावर आली होती. मी मागे बघितलं. सरिता या वेळी खिडकीबाहेर बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "काका, हे मीच केलं. चुकून. त्या दिवशी भलत्या खिडकीत बटण दाबलं. मला कॉम्प्युटरमधलं काही येत नाही."

मला वाटलं, आता सगळे एकदम मऊ होतील. कसलं काय! काकांचा चेहरा आणखी कडक झाला. ते फादरांना म्हणाले, ऐकलंत, आता असं म्हणतोय. ज्या मुलाचा पगार कॉम्प्युटरवर चालतो त्याला कॉम्प्युटर येत नाही, हे मी मानायचं?

म्हणजे पंचाईत बघा. इतके दिवस मला येतं असं दाखवायला धडपडत होतो, आता येत नाही हे सिद्ध करायची वेळ आली. माझ्याकडे पुरावा काय? ऑफिसातून तसं पत्र आणू?

फादर समजूतदार माणूस. म्हणाले, भांडण नको, त्यांना आत्ता आपल्यासमोर ते नीट करू दे. मी म्हटलं, करतो. या वेळी मी खरंच मनापासून करायला बसलो होतो, हे लक्षात घ्या. तिथे तीन बटणं होती. यूज करंटला तर मी पुन्हा हात लावणार नव्हतो, त्याने एकदा माझं घर जाळलं होतं. म्हणून दुसरं दाबलं. खिडकी बंद करून उघडली तर त्या कंपनीच्या गाड्या पळायला लागल्या आणि मला एक बक्षीस लागलं. काका म्हणाले, हे तर पहिलं होतं ते. मी म्हटलं, थांबा काका. तिसरं दाबलं. बंद करून उघडलं. पडदा पांढरा. कोरा. अक्षर नाही, चित्र नाही, काही नाही.

काकी दारातून म्हणाल्या, "जोएल गेला."

"जात नाही हो काकी," मी म्हणालो, पण माझा आवाज मलाच खरा वाटेना. मी दिसेल ते दाबायला लागलो. घामाने माउस हातातून सटकत होता. मध्येच अक्षरं एकदम मोठी झाली, मग सगळं पान आडवं झालं, मग घड्याळ उघडलं. घड्याळ का उघडलं हे मला आजही सांगता येणार नाही.

काका माझ्या मागे उभे राहून हे बघत होते. हळूहळू त्यांचा श्वास बदलला. शेवटी ते फादरांकडे वळले आणि अगदी मोकळ्या आवाजात म्हणाले, "फादर, याला खरंच काही येत नाही."

फादर म्हणाले, "पास्कू, मलाही तसंच दिसतंय."

तेव्हा सरिता पुढे आली. मला म्हणाली, सरक. तिने लाइन जोडली, जोएलच्या मेलचं पान उघडलं, ऑप्शन्समध्ये जाऊन यूज करंट दाबलं, बंद केलं, उघडलं. नुसतं पान, समोर जोएलचं नाव. तिने नवा फोटो उघडला आणि टोपी घातलेलं बाळ पट्टी पट्टी करत खाली उतरलं. काकींनी डोळ्यांना पदर लावला.

मी विचारलं, "तुला येत होतं?"

"शाळेत आमच्याकडे कॉम्प्युटर आहेत ना," ती म्हणाली. "पण तू एवढा कॉम्प्युटरमधला. मला वाटलं, तू केलंयस म्हणजे मुद्दामच केलं असशील."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नेल्सन, तू आधी बोलायचंस ना," ते म्हणाले. 'तू' ऐकलं आणि मला तिथे रडू यायचंच बाकी राहिलं. जेवायला थांबवून घेतलं. फादरही थांबले. दुसऱ्या दिवशी मिस्सा संपताना आमची नावं वाचली गेली, आणि हरकत असल्यास कळवावी असं म्हणताना फादरांनी पास्कूकाकांकडे जरा थांबून बघितलं, असं माझ्या आईचं म्हणणं आहे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण काकांच्या मनाला एक टोचणी लागली. आपण चार घरांत जावयाची बदनामी केली, ती आपणच धुवायला हवी. मग त्यांनी धुवायला घेतली. वाडीत पानं न्यायला आलेल्या माणसाला, चर्चच्या आवारात, एसटीच्या स्टॉपवर, दिसेल त्याला थांबवून सांगायला लागले की आमचा जावई तसला नाही हो, लबाड नाही, त्याला नुसतं काही येत नाही. लोकांना ते लगेच पटायचं. मी भुईगावात गेलो की अनोळखी म्हातारे माझी पाठ थोपटायचे. एकाने तर सांगितलं, वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्या धाकट्याचंही असंच आहे.

लग्न झालं. मांडवात जेवणाआधी नवरा-नवरीला शुभेच्छा द्यायला फादरांना उभं केलं. हातात ग्लास घेऊन ते म्हणाले, "मुलाबद्दल काही दिवस गावात उलटसुलट ऐकू येत होतं. मी स्वतः समोर बसून खात्री केली आहे. मुलगा हसतमुख आहे, निर्व्यसनी आहे, आणि त्याला कॉम्प्युटरमधलं काहीही येत नाही."

अख्ख्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. सरिता मांडवाबाहेर कुठे तरी बघत होती. काका समाधानाने मान डोलवत होते. मीही हसून हात जोडले, म्हटलं जाऊ दे, गावापुरतं आहे.

टाळ्या थांबल्या. एका कोपऱ्यात मात्र थांबेनात. तिथे उभं राहून वाजवणं चाललं होतं. मी मान उंच करून बघितलं. अंधेरीहून आलेलं माझं अख्खं ऑफिस होतं, आणि सगळ्यात पुढे आमचे साहेब.